साडेनऊ मार्कांची अम्मी

माझी पोरगी कॉलेजात असताना दुसऱ्यांच्या ब्लॉगांना मार्क द्यायची. ब्लॉग म्हणजे काय हे मला तिनंच सांगितलं. आपल्या मनातलं इंटरनेटवर लिहून ठेवायचं, ज्याला वाटेल त्यानं वाचायचं. ती आणि तिची एक मैत्रीण मिळून एक पान चालवायच्या. लोक त्यांना आपल्या ब्लॉगचा पत्ता पाठवायचे आणि विचारायचे, आमचा कसा झालाय सांगा. मग या दोघी लेखनाला दहापैकी आणि सजावटीला दहापैकी मार्क द्यायच्या आणि खाली चार ओळी लिहायच्या. पैसे कुणी देत नव्हतं. तरी लोक पाठवायचे. पुण्याचे, मुंबईचे, बाहेरदेशातले नोकरीवाले लोक माझ्या पोरीपुढं पाटी घेऊन उभे राहायचे. मला त्याचा लई अभिमान होता. पण तोंडानं बोलून दाखवणं मला कधी जमलं नाही.

तेव्हा आम्ही हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रोडला नवीनच पडलेल्या प्लॉटिंगमध्ये राहत होतो. गावाला आता छत्रपती संभाजीनगर लिहितात, तेव्हा औरंगाबाद होतं. ज्वारीच्या रानात दगड रोवून गल्ल्या केल्या होत्या. चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि माझे मालक त्यातल्याच एका इमारतीवर राखणीला होते. घरं वाढत होती आणि पाणी कमी होत होतं. बोअरला नुसती हवा यायची. टँकर आठवड्यानं यायचा, तोही आला तर. दाराशी एक निळा ड्रम होता, त्यावर आमचं सगळं घर चालायचं. सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून झाडाच्या बुडाला पिळायचे मी.

पोरगी संध्याकाळी चुलीशेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. सेकंडहँड घेतलेला, बॅटरी नसलेला, वायर लावली तरच चालणारा. मी भाकरी थापायची आणि ती मोठ्यानं वाचायची. तिचं म्हणणं, मोठ्यानं वाचलं की लिखाण कुठं अडखळतं ते कळतं. मला वाटायचं ती माझ्यासाठी वाचते. तसं नव्हतं, पण मी तसं धरून चालायचे.

मी चौथी शिकले. आमचं माहेर मेंढरांचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. चौथीपर्यंत मला मामीकडं ठेवलं, पुढं नाही ठेवलं. तरी मला वाचता येतं, सावकाश येतं. पोरीच्या मागून मीही पडद्यावर बघायची. एकाच्या ब्लॉगवर वरून गुलाबाची फुलं गळत होती आणि उघडल्याबरोबर गाणं लागायचं. मला ते फार आवडलं.

"सजावटीला एक," पोरगी म्हणाली.

"एकच? एवढी फुलं पडतायत."

"आई, फुलांच्या खाली अक्षर दिसतंय का तुला?"

दिसत नव्हतं. एकानं काळ्यावर पिवळं लिहिलं होतं, त्याला दोन. एक साहेब डोंगर चढायचे आणि प्रत्येक डोंगरावर तेच ते लिहायचे, त्यांना लेखनाला चार. पोरगी कंजूष होती. सहाच्या वर कुणाला चढू द्यायची नाही. मैत्रीण फोनवर भांडायची, अगं सात दे ना, बिचारीनं किती लिहिलंय. ही म्हणायची, किती लिहिलं त्याचे मार्क नसतात.

आणि मग त्या बाईचा ब्लॉग आला.

ती बाई आमच्याच शहरातली, छावणी भागातली, मुसलमानाच्या घरची. आता बंगलोरला नोकरीला होती. मराठी शाळेत शिकलेली, म्हणून मराठीत लिहायची. पान पांढरंशुभ्र, वर एकच फोटो, शिलाई मशीनवर ठेवलेले एका बाईचे दोन हात. ते तिच्या आईचे, म्हणजे अम्मीचे. सगळा ब्लॉग अम्मीवरच. अम्मी कापड कशी कापायची. अम्मी पोरीच्या कुर्त्याच्या कॉलरला आतल्या बाजूनं लाल दोऱ्याचा एक टाका घालायची, म्हणजे गर्दीत पोरगी आपली म्हणून ओळखू येईल. अम्मी दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, अंगणात पाणी तापवून पोरीचे केस शिकेकाईनं धुवायची, तांब्यामागून तांब्या ओतायची, आणि त्या पाण्याच्या आवाजात पोरगी डोळे मिटून बसायची.

पोरगी वाचत होती आणि वाचता वाचता तिचा आवाज बसला. मी वळून बघितलं तर डोळे पुसत होती. माझी पोरगी! लहानपणी विंचू चावला तेव्हा रडली नव्हती.

"साडेनऊ," ती म्हणाली.

माझी भाकरी तव्यावर करपली. तिला वास आला नाही.

त्या दिवसापासून मला त्या अम्मीचा मत्सर सुरू झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही. ज्या बाईला मी बघितलं नव्हतं, जिचे फक्त हात मला माहीत होते, तिच्यावर मी दिवसभर जळायची. पाण्याच्या रांगेत हंडा घेऊन उभी असले तरी मनात तेच. हिनं काय केलं असं? कपडे शिवले, मी धुतले. हिनं पाणी ओतलं, मी ते डोक्यावर आणलं. हिच्यावर पानंच्या पानं आणि माझ्यावर एक ओळ नाही. आणि लिहिणारी परकी पोरगी असती तर गोष्ट वेगळी. रडणारी माझी होती.

पोरगी उठता बसता अम्मी अम्मी करायची. मैत्रिणीला फोनवर सांगायची, "अगं, त्यातली अम्मी काय आहे! अशी आई पाहिजे." मी तिथंच बसून लसूण सोलत होते.

मग मी तिच्या ओढणीला आतल्या बाजूनं लाल टाका घातला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आई, ओढणीला हे काय लागलंय?" आणि कात्रीनं कापून टाकला.

एका शुक्रवारी ती घरात होती. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, ड्रम काठोकाठ. मी शिकेकाई आणून रात्री भिजवून ठेवली होती. सकाळी बाहेर चूल पेटवली आणि मोठं पातेलं ठेवलं.

"बस," मी म्हटलं, "डोकं धुते तुझं."

"मी धुतलंय की परवा, शॅम्पूनं."

"बस म्हणते ना."

ती बसली. मी तांब्यानं पाणी ओतायला लागले. एक ओतला की दुसरा, दुसरा की तिसरा. ब्लॉगात लिहिलं होतं तसं सावकाश, उंचावरून. तिचे केस काळेभोर, माझ्यासारखे दाट. मी मनात म्हणत होते, आता डोळे मीट. तिनं मिटलेही, शिकेकाई जात होती म्हणून. पातेलं संपलं की मी ड्रममधून थंडच घ्यायला लागले. मला थांबवेना. पाणी ओट्यावरून गल्लीत गेलं. शेजारची भाभी दारात आली आणि तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"अगे ओ, शादी है क्या पोरगी की?" ती ओरडली. "पूरा टँकर बहा रई!"

पोरीनं डोळे उघडले. ड्रमात वाकून बघितलं. बुडाला वीतभर पाणी.

"आई! हे काय केलंस तू?"

मी तांब्या हातात धरून उभी.

"आठ दिवस काय प्यायचं? बाबा ड्यूटीवरून आले की काय सांगायचं? वेड लागलं का तुला?"

मला सांगता आलं असतं. पण माझं हे असंच आहे, मनात बाजार भरलेला असतो आणि तोंडाला कुलूप. मी पातेलं उचललं आणि घरात गेले. तो आठवडा आम्ही भाभीच्या हौदातून पाणी आणलं. ती प्रत्येक हंड्याला विचारायची, "डोके के वास्ते के पीने के वास्ते?" मालक ड्यूटीवरून आले की दोन हंडे आणायचे. पोरगी दोन दिवस पाठ करून मनातच वाचत बसली.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं. नाहीतर तिच्याशी बोलायला दुसरं निमित्त नव्हतं.

"त्या अम्मीच्या ब्लॉगला अर्धा मार्क कमी का दिला?"

तिनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. मी आजवर कुठल्याच मार्काचं कारण विचारलं नव्हतं.

"कारण त्यात अम्मी बोलत नाही," ती म्हणाली. "एवढं लिहिलंय, पण अम्मी एक वाक्यही बोलत नाही. नुसती करत राहते. खरी आई अशी गप्प असते का?"

मी तिच्यासमोर बसले होते. गप्पच होते. तिच्या ते ध्यानात आलं नाही.

पुढं बंगलोरच्या बाईनं पोरीला आभाराचं पत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, तू लिहिलंस ते खरं आहे, पण मला जवळ राहता आलं नाही ना, आता अम्मीचा आवाज आठवायला फोन लावावा लागतो. तू त्याच शहरात आहेस, कधी जमलं तर अम्मीला भेट, एकटी असते. खाली छावणीतला पत्ता.

पोरगी लगेच निघाली.

"परक्याच्या घरी एकटी कशाला जातेस," मी म्हटलं. "मी येते."

मला ती बाई बघायची होती. तिच्यात काहीतरी खोट निघावी असं वाटत होतं. तोंडावर देवीचे व्रण तरी असावेत.

आम्ही रिक्षानं क्रांती चौकापर्यंत आणि तिथून दुसऱ्या रिक्षानं छावणीत गेलो. बाजाराच्या मागं बुटकी घरं, दाराला चटईचा पडदा. पडदा सारला तर ती बसली होती. गोरीपान, पांढरे केस, तोंडात पान. व्रण वगैरे काही नाही, चांगली देखणी. हात मी लगेच ओळखले.

पोरीनं सांगितलं, तुमच्या मुलीच्या ओळखीनं आलोय. त्यावर अम्मीनं जे तोंड उघडलं ते चहा होईपर्यंत मिटलं नाही.

"मेरी बेटी ने भेजा? वो क्या भेजती मां! फोन नै करती. करी तो पूछती, अम्मी गोली खाए क्या, अम्मी पंखा बनाए क्या. हौ बोली के फोन बंद. मैं क्या दवाखाना हूं?"

"अम्मी, ती तुमच्यावर लिहिते," पोरगी म्हणाली.

"मेरे पे? क्या लिखती?"

तिला माहीतच नव्हतं. मराठी बोललेलं समजायचं, पण वाचता फक्त उर्दू यायचं. आपल्या पोरीला तिनंच मराठी शाळेत घातलं होतं, नोकरी मिळेल म्हणून. आता पोरगी ज्या भाषेत तिच्यावर लिहीत होती ती तिला वाचता येत नव्हती. माझ्या पोरीनं फोनवर ब्लॉग उघडला आणि अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत वाचून दाखवायला लागली. लाल टाक्याचं वाचलं. अम्मी म्हणाली, "वो तो दर्जीयां सब करते. किसका कपडा किसका, पैचान के वास्ते."

मग केस धुण्याचं वाचलं. दर जुम्म्याला, तांब्यामागून तांब्या, पाण्याचा आवाज. पोरीचा आवाज तिथं पुन्हा बसला.

अम्मी पान चावायची थांबली.

"हर जुम्मे कू? अरे नै रे बाबा! एकच बार धोई मैं. जुआं पडे थे उसकू!"

"काय?"

"जुआं! इत्ते इत्ते. इस्कूल में बाजू की लडकी से आए. पूरे मोहल्ले का पानी मांग के लाई, रगड रगड के धोई, और दो लगाई भी पीठ पे. आंखां बंद करके बैठी थी? रो रई थी वो!"

मला असा आनंद झाला की चहाचा कप बशीवर वाजला. उवा! ज्याच्यासाठी मी आठ दिवसांचं पाणी गटारीत घातलं, त्यात उवा होत्या. ज्याला साडेनऊ मार्क मिळाले त्यात पाठीवर दोन रट्टे होते. मला वाटलं, आता पोरीच्या डोळ्यांवरची धुंदी उतरली.

पण पोरगी पोट धरून हसत होती. "अम्मी, हे तिनं लिहायला पाहिजे होतं! अजून सांगा ना, अजून!"

आणि अम्मीनं सांगितलं. जवळ सरकून, माझ्या पोरीच्या गुडघ्यावर ते फोटोतले हात ठेवून.

त्यानंतर पोरगी दर शुक्रवारी छावणीत जायला लागली. अम्मीला ब्लॉग वाचून दाखवायचा, अम्मी त्यातलं काय खोटं ते सांगायची. घरी आली की तिच्या तोंडी अम्मीचं बोलणं. अम्मीनं असं म्हटलं, अम्मी तशी ओरडली. पडद्यावरची अम्मी निदान गप्प होती. ही जिवंत होती, बोलत होती, आणि वर शेवयांचा डबा पाठवत होती. मी तो डबा घासून परत द्यायची आणि घासताना त्याचं बूड झिजेल एवढं घासायची.

असाच एक शुक्रवार. पोरगी वेणी घालून निघाली होती. मी पिठलं हलवत होते.

"जाऊ नको," मी म्हटलं.

"का गं?"

"जाऊ नको म्हणजे नको. तिला पोरगी आहे बंगलोरला. तू कोण लागतेस तिची?"

ती चप्पल घालता घालता थांबली. "आई, तुला राग आलाय?"

"व्हय, आलाय. पहिल्यापासून आलाय. तिला साडेनऊ. मला किती?"

एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. पोरगी आधी हसायला गेली, मग हसली नाही. खाली बसली. चप्पल पायातच.

"ड्रम त्याच्यासाठी रिकामा केला होतास?"

मी पिठलं हलवत राहिले.

"आई, तुझ्यावर काय लिहिणार कुणी? तू काही सांगतच नाहीस. तुझं मला काय माहिती आहे? मेंढरं, चौथी, बस."

मला ते लागलं. लागलं म्हणून मी बोलले, नाहीतर बोलले नसते. हातात पळी होती, तीच तिच्यापुढं धरली.

"ही कशी आली माहिती आहे?"

"पळी? दुकानातून."

"तुझ्या केसांवर आली."

गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई येते, विंचरून निघालेले केस घेते आणि भांडं देते, हे तिला ठाऊक होतं. पण हे ठाऊक नव्हतं. ती बालवाडीत असताना तिच्याही डोक्यात उवा झाल्या होत्या. धुवायला पाणी नव्हतं, तेही साल कोरडंच होतं. मी कात्री घेतली आणि तिचे कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापले. ती झोपेत होती, म्हणून रडली नाही. कापलेली वेणी मी फडक्यात बांधून ठेवली आणि भांडीवाली आली तेव्हा तिच्यापुढं टाकली. वेणी बघून तिचे डोळे चमकले. म्हणाली, कळशी देते बाई, स्टीलची. मग तिनं वेणी उलगडली, उन्हात धरली, आणि झटकन हात मागं घेतला.

"'आगं बया, ह्या तर चालत्यात!' म्हणाली. कळशी उचलून परत पाटीत ठेवली. मी पण सोडलं नाही. म्हटलं, केस तर चांगले हायेत, उवा काय जन्माला पुरत्यात का? लई घासाघीस केली. शेवटाला पळी दिली. तुझ्यात उवा नसत्या तर कळशी आली असती."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मग तिनं पळी हातात घेतली, पिठल्यासकट, आणि जी हसायला लागली ती भिंतीला टेकून हसली. "उवांची पळी! आई, मी इतकी वर्षं उवांच्या पळीनं वरण खाल्लं!"

मलाही हसू आलं. पिठलं खाली लागलं, लागू दिलं.

"थांब, हे अम्मीला सांगते," ती उठत म्हणाली.

"अजिबात नाही."

"का?"

"माझं आहे ते. सांगायचं तर मी सांगीन."

मला वाटलं होतं यावर ती गप्प बसेल. तिनं माझी चांगली साडी दोरीवरून ओढून माझ्या अंगावर टाकली. "मग चल."

पळी पिशवीत घेऊन मी छावणीत गेले. चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि इथं तर अम्मीपुढं उघडायचं होतं, जिचं बोलणं ऐकायला माझी पोरगी अर्धं शहर ओलांडून जायची. अम्मीनं पडदा सारला, "आव आव," म्हणाली, शेवया पुढं केल्या. पोरगी माझ्याकडं बघत बसली. मला पळून जावंसं वाटत होतं. मग मी पळी काढली आणि सुरुवात केली. माझ्या मोडक्या हिंदीत, अडखळत, मधेच मराठीत. वेणी कापली ते सांगितलं. कळशी सांगितली. "वो बोली, ये तो चलत्यात!" असं म्हटलं आणि बोटं हवेत चालवून दाखवली.

अम्मी इतकी हसली की पान बाहेर आलं. "कळशी गई ना हात से! या अल्ला!" डोळे पुसत म्हणाली, "मैं धोई तो मेरेकू कुच बी नै मिला. तुमकू पळी तो मिली!"

मी हसता हसता पोरीकडं बघितलं. अम्मीचे हात तिच्या गुडघ्यावर होते, नेहमीसारखे. पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, डोळे मोठे करून, लहानपणी माझ्या माहेरी वेताला आलेल्या मेंढीपुढं बसायची तशी, एक क्षणही चुकू नये म्हणून.

आणि अम्मीला ते कळलं. हसणं तसंच होतं, पण हात हळूच तिनं आपल्या मांडीवर घेतले. मला बघते, पोरीला बघते, परत मला. मग भिंतीवरच्या बंगलोरच्या पोरीच्या फोटोकडं एकदा बघितलं. अम्मीचा तो चेहरा मी ओळखला. वर्षभर माझाच होता तो.

मी शेवया खाल्ल्या, सगळ्या खाल्ल्या. गोड होत्या. मला तिची दया यायला पाहिजे होती, ती पुढं आलीही. पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.